शब्दांची सोयरीक: इंग्रजीच्या परीक्षेला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

गोव्यात आपल्यापैकी पुष्कळांची वाट सारखीच असते. घरी कोंकणी किंवा मराठी, चौथीपर्यंत गावातली मराठी शाळा, आणि पाचवीत गेलं की एकदम सगळे विषय इंग्रजीतून. त्या उडीत व्याकरणाचा पाया अर्धाकच्चा राहतो. पुढे कॉलेज होतं, नोकरी लागते, इंग्रजीवाचून काही अडतही नाही. मग एके दिवशी बाहेरगावी नर्सिंगला जायचं ठरतं, जहाजावरच्या नोकरीसाठी अर्ज करायचा असतो, किंवा परदेशी विद्यापीठ इंग्रजीच्या परीक्षेतला बँड, म्हणजे ठरावीक गुण, मागतं, आणि तो कच्चेपणा समोर येऊन उभा राहतो.

मी डिचोलीत संध्याकाळी अशा मुलांना शिकवते. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाच्या हातात शब्दांची एक यादी असते: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मी स्वतः पहिल्यांदा आयएल्ट्सला, म्हणजे परदेशी शिक्षण-नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेला, बसले तेव्हा एका शिकवणीत मिळालेली अशीच हजार शब्दांची यादी तोंडपाठ केली होती. रायटिंगमध्ये नऊपैकी साडेपाच मिळाले. नंतर सरावाचे जुने निबंध काढून बसले तेव्हा कारण दिसलं. ‘कमेन्स म्हणजे सुरू होणे’ एवढंच मला ठाऊक होतं, म्हणून पाऊसही कमेन्स, भांडणही कमेन्स आणि डोकेदुखीही कमेन्स. कमेन्स हा शब्द समारंभ, खटला, शैक्षणिक वर्ष अशा औपचारिक गोष्टींसोबत बसतो, हे यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून हा लेख एकाच गोष्टीवर आहे: व्याकरण आणि शब्द वाक्यात, परिच्छेदात, म्हणजे त्यांच्या माणसांत ठेवून कसे शिकायचे. इंग्रजी वाक्यं मी इथं देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या वहीत ती रोमी लिपीतच लिहा, कारण परीक्षेत स्पेलिंगलाही गुण असतात.

आधी परीक्षा ओळखा

सराव सुरू करण्याआधी आपल्याला कोणती परीक्षा द्यायची आहे, त्यात व्याकरण कुठे तपासतात, हे पाहून घ्या. सगळ्या परीक्षांना एकच औषध चालत नाही.

आयएल्ट्समध्ये व्याकरणाचा वेगळा पेपर नाही. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग असे चार भाग. रायटिंगला एक तास: पहिल्या प्रश्नाला किमान १५० शब्द, दुसऱ्याला किमान २५०. रायटिंगचे गुण चार निकषांवर सारखे वाटलेले असतात, त्यांतला एक शब्दसंपत्तीचा आणि एक व्याकरणाचा. म्हणजे निम्मे गुण या लेखाच्या विषयाचे. स्पीकिंगमध्येही तसंच. शिवाय लिसनिंग-रीडिंगमध्ये गाळलेल्या जागा असतात आणि वर शब्दमर्यादेची सूचना असते, जसं: दोनपेक्षा जास्त शब्द नकोत. तिथं तीन शब्द लिहिले की उत्तर बरोबर असूनही गुण जातो.

केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट परीक्षेत मात्र ‘यूज ऑफ इंग्लिश’ थेट तपासतात. रीडिंगसह त्या पेपरला ७५ मिनिटं आणि ५२ प्रश्न. त्यातले पहिले चार भाग भाषेच्या वापराचे: पर्याय देऊन गाळलेल्या जागा, पर्याय न देता गाळलेल्या जागा, मूळ शब्दावरून योग्य रूप घडवणं, आणि दिलेला शब्द वापरून वाक्य फिरवणं. नर्स आणि डॉक्टरांसाठीच्या ओईटीमध्ये बहुतेक वेळा रुग्णाबद्दलचं पत्र लिहावं लागतं; तिथं शब्द त्या पेशातलेच लागतात.

या सगळ्या परीक्षांचे नमुना पेपर त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर फुकट मिळतात. एक छापून घ्या आणि घड्याळ न लावता सोडवा. हा पेपर जपून ठेवा, पुढे लागेल.

सोयरीक म्हणजे काय

मराठीत पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा, काळोख मिट्ट, ऊन रणरणतं. ‘सोसाट्याचा पाऊस’ असं कोणी म्हणालं तर अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. हे आपल्याला कोणी नियम म्हणून शिकवलं नाही. आजीच्या तोंडून, कीर्तनातून, जत्रेतल्या नाटकांतून ऐकत आलो. हिरवंगार, लालभडक, पिवळाधमक, काळाकुट्ट: प्रत्येक रंगाची जोड ठरलेली.

इंग्रजीतही तसंच आहे. तिथं पाऊस हेवी, वारा स्ट्राँग, चहाही स्ट्राँग, जंगल डेन्स. चूक करतात मेक, गृहपाठ करतात डू, फोटो काढतात टेक. आणि परीक्षा? आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून तोंडात ‘गिव्ह ॲन एक्झाम’ येतं. भारतात ते सगळीकडे ऐकू येतं. पण ज्या परीक्षांना तुम्ही बसणार आहात त्यांच्या इंग्रजीत परीक्षा टेक करतात किंवा सिट करतात. गिव्ह करतो तो परीक्षा घेणारा. मराठीतला ‘बसणे’ तिथं सिटशी किती छान जुळतो पाहा. अशा जुळणाऱ्या जागा मी मुलांना मुद्दाम दाखवते, म्हणजे मराठी हा नुसता अडथळा वाटत नाही.

तेव्हा वहीत शब्द एकटा लिहायचा नाही. ‘डिसिजन म्हणजे निर्णय’ हे अपुरं आहे. ‘मेक अ डिसिजन’, ‘अ डिफिकल्ट डिसिजन’, ‘डिसिजन अबाउट’ असं कुटुंब लिहा, आणि खाली आपल्या घरातलं एक खरं वाक्य: वडिलांनी काजूची बाग विकायची नाही असा निर्णय घेतला, ते इंग्रजीत. स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य लक्षात राहतं, पुस्तकातलं निसटतं.

ही कुटुंबं मिळतात कुठे? ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश ऑनलाइन फुकट आहेत. इंग्रजी-मराठी कोश अर्थापुरता बघा आणि लगेच यांतल्या एकाकडे जा. अर्थाच्या खालची उदाहरणं वाचा. खरा माल तिथं असतो.

गाळलेल्या जागा: एक उतारा जवळून

हा उतारा मीच मुलांसाठी लिहिला. पेन खाली ठेवून आधी पूर्ण वाचा.

‘माय ग्रँडमदर हॅज लिव्ह्ड ऑन धिस आयलंड (१) ____ मोअर दॅन सिक्स्टी इयर्स. व्हेन शी वॉज यंग, देअर वॉज (२) ____ ब्रिज, अँड एव्हरीवन डिपेंडेड (३) ____ द फेरी. (४) ____ इट इज स्लो, शी स्टिल प्रिफर्स इट (५) ____ द बस.’

प्रत्येक जागी एकच शब्द. गेल्या पावसाळ्यात पेडण्याहून येणाऱ्या एका मुलीने हा उतारा माझ्यासमोर सोडवला. तिची पेन्सिल कुठे थांबली ते मला अजून आठवतं.

पहिल्या जागी तिने ‘सिन्स’ लिहिलं. का, ते उघड आहे. आपण म्हणतो ‘साठ वर्षांपासून राहते’, आणि ‘पासून’ म्हणजे सिन्स असं शाळेत शिकलो. पण सिन्सला सुरुवातीचा बिंदू लागतो: सिन्स १९६१, सिन्स धिस मॉर्निंग. साठ वर्षं हा बिंदू नाही, लांबी आहे. लांबीला फॉर. आणि त्याच वाक्यातलं ‘हॅज लिव्ह्ड’ही पाहून ठेवा. मराठीत आजी अजून ‘राहते’, साधा वर्तमानकाळ. इंग्रजीत तिथं हॅज लागतो. ‘शी लिव्ह्ज हिअर फॉर सिक्स्टी इयर्स’ ही आपल्याकडची सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

दुसऱ्या जागी तिने ‘अ’ लिहिलं. व्याकरणाने चूक काहीच नाही: देअर वॉज अ ब्रिज. मी म्हटलं, “बाय, पुढचं वाच.” ती वाचू लागली आणि अर्ध्यावर थांबली. “टीचर, पूल असता तर सगळे फेरीबोटीवर कशाला अवलंबून राहिले असते?” तिने ‘अ’ खोडून ‘नो’ लिहिलं. संदर्भ म्हणजे हेच. उत्तर जागेच्या डाव्या-उजव्या शब्दांत नव्हतं, पुढच्या उपवाक्यात होतं. शिवाय मराठीत नकार क्रियापदाला चिकटतो, ‘पूल नव्हता’. इंग्रजीने इथं तो नामाला लावला आहे. म्हणून आपल्याला ‘नो’ चटकन सुचत नाही, ‘नॉट’ सुचतं.

तिसरी जागा तिने न थांबता भरली: ऑन. बसच्या वेळेवर, पावसावर, कोणावर तरी अवलंबून असणं, आपल्याकडेही ‘वर’च आहे. चौथ्या जागी ‘बिकॉज’ बसतं का पाहा. ‘ती हळू जाते म्हणून आजीला आवडते’ असंही कोणी म्हणेल, पण पुढे ‘स्टिल’ आहे, ‘तरीही’. तरीही आला की अलीकडे ‘जरी’ हवा: ऑल्दो. दो किंवा व्हाइल लिहिलं तरी चालेल. केंब्रिजच्या उत्तरपत्रिकेतही एखाद्या जागेला अशी दोन-तीन उत्तरं मान्य असतात. पाचव्या जागी पुन्हा मराठीने ओढ घेतली. ‘बसपेक्षा’ म्हणून तिने ‘दॅन’ लिहिलं. पण प्रिफरची सोयरीक ‘टू’शी आहे: प्रिफर इट टू द बस.

पाच जागांना आम्हाला चाळीस मिनिटं लागली. सुरुवातीला एवढा वेळ द्याच. रोज पन्नास जागा भरून उत्तरं ताडून पाहण्यापेक्षा, पाच जागा भरून प्रत्येकीचं ‘का’ शोधणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

शब्द घडवणं आणि वाक्य फिरवणं

बी-टू फर्स्टच्या तिसऱ्या भागात मूळ शब्द मोठ्या अक्षरात देतात आणि जागेत बसेल असं रूप मागतात. समजा ‘एम्प्लॉय’ दिलाय आणि वाक्य आहे: ‘व्हेन द माइन्स क्लोज्ड, मेनी ट्रक ड्रायव्हर्स वेअर लेफ्ट ____.’ डिचोली-सत्तरीतल्या माणसाला २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा काय झालं ते सांगावं लागत नाही. पण परीक्षेच्या घाईत मुलं ‘एम्प्लॉइड’ लिहून मोकळी होतात. जागेला विशेषण हवं एवढं त्यांनी ओळखलेलं असतं, अर्थाने नकार हवा हे राहून जातं. उत्तर अनएम्प्लॉइड. म्हणून दोन प्रश्न ठरवून विचारा: इथं नाम हवं की विशेषण की क्रियाविशेषण? आणि अर्थ सरळ की उलटा? नाम असेल तर आणखी एक, एकवचन की अनेकवचन.

चौथ्या भागात वाक्य फिरवायचं असतं. ‘आय स्टार्टेड लर्निंग इंग्लिश फाइव्ह इयर्स अगो’ हे वाक्य, आणि ‘लर्निंग’ हा शब्द वापरून ‘आय ____ इंग्लिश फॉर फाइव्ह इयर्स’ पूर्ण करा. उत्तर: हॅव बीन लर्निंग. दिलेला शब्द बदलायचा नाही, आणि तो धरून दोन ते पाच शब्दांत बसवायचं. डोन्टसारखं आखूड रूप दोन शब्द मोजतात. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात, त्यामुळे अर्धं बरोबर आलं तरी एक गुण पदरात पडतो. जागा कोरी सोडू नका.

आयएल्ट्सला बसणाऱ्यांनी हा भाग आपला नाही म्हणून सोडू नये. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येणं हे रायटिंगमध्ये रोज लागतं.

‘अ’ आणि ‘द’

यावर जाड पुस्तकं आहेत, नियम शेकड्याने आहेत, आणि सुरुवातीला ते सगळे वाचून गोंधळच वाढतो. मी एवढंच सांगते: आपल्या कहाण्या आठवा. ‘आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा भेटला तो ‘एक राजा’, दुसऱ्यांदा ‘त्या राजाला’. ‘एक’च्या जागी अ किंवा ॲन, ‘त्या’च्या जागी द. ऐकणाऱ्याला कोणता ते माहीत झालं की द. सगळ्या जागा याने सुटत नाहीत, पण पुष्कळ सुटतात. उरलेल्या वाचनातून कानात बसतात.

वाचायचं काय

एकच बातमी दोन भाषांत वाचा. गोव्यात ही सोय आपल्याला आयती आहे. सकाळी घरी नवप्रभा, गोमन्तक किंवा तरुण भारत येतोच. त्यातली एक बातमी आधी नीट वाचा, मग तीच बातमी नवहिंद टाइम्स किंवा हेराल्डमध्ये शोधा. काय घडलं ते आधीच ठाऊक असल्यामुळे अनोळखी इंग्रजी शब्दाचा अर्थ वाक्यातूनच उमगतो. कोश नंतर उघडा, अंदाज बरोबर होता का ते बघायला. डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या कदंब बसमध्ये बसायला जागा मिळाली तर तेवढ्यात एक बातमी सहज होते.

सावध एवढ्यासाठीच राहा की आपल्या वर्तमानपत्री इंग्रजीत काही खास भारतीय शब्द आणि वापर असतात. ‘प्रीपोन’ किंवा ‘मिसक्रिअंट्स’ आपल्याकडे सर्रास चालतात, पण निबंधात वापरण्याआधी कोशात पाहून घ्या. लांब, सावकाश लिहिलेले लेख हवे असतील तर पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था आहे. तिथली शांतता घरी मिळत नाही, हेही एक कारण.

वाचून झालेल्या परिच्छेदाचं पुढे काय करायचं ते सांगते, कारण खरा सराव तिथून सुरू होतो. सात-आठ ओळी वहीत उतरवा. दुसऱ्या पानावर तोच मजकूर लिहा, पण शब्दयोगी अव्यये, अ-द, आणि सहायक क्रियापदं गाळून. तीन दिवस त्याकडे पाहू नका. मग भरा आणि मूळाशी ताडून बघा. मैत्रीण सोबत असेल तर एकमेकींच्या वह्या बदला. बाजारातली सरावपुस्तकं संपतात, हा साठा संपत नाही.

चुकांची वही आणि चिठ्ठ्या

चुकांसाठी वेगळी वही करा. प्रत्येक चुकीखाली तीन गोष्टी: मी काय लिहिलं, काय हवं होतं, आणि का चुकले. ‘का’ ची ओळ टाळू नका. महिन्याभरात दिसेल की निम्म्याहून जास्त ओळींत एकच उत्तर आहे: मराठीतून आलं. डिस्कस अबाउट आलं ‘विषयी चर्चा’तून, इंग्रजीत डिस्कसला अबाउट लागत नाही. मॅरीड विथ आलं ‘त्याच्याशी लग्न’मधून, तिथं टू हवा. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ आलं ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ या सरळ जोडणीतून. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की क्रम बदलून ‘व्हेअर ही इज’ होतो. एकदा आपली ओढ कुठे आहे ते कळलं की लिहितानाच हात थांबायला लागतो.

शब्दकुटुंबांसाठी चिठ्ठ्या करा. घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच. त्यांचा जाड कोरा भाग कापून घ्या. पुढे वाक्य, त्यातला शब्द गाळलेला. मागे उत्तर. मराठी अर्थ लिहायचा तर मागे, कोपऱ्यात, बारीक. एकदा बरोबर आलेली चिठ्ठी उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. चुकली की पुन्हा उद्याच्या गठ्ठ्यात. शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं हे एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. वाढत्या अंतराने उजळणी करण्यामागे तेच कारण आहे. दिवसाला सात-आठ नव्या चिठ्ठ्या पुरेत. चवथीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तेव्हा नव्या करू नका, जुन्या तेवढ्या फिरवा.

शेवटचे पंधरा दिवस

आता घड्याळ लावा. एक दिवसाआड पूर्ण पेपर, मधल्या दिवशी त्याच्या चुका. नवे शब्द बंद. निबंध लिहून झाला की तपासायला पाच मिनिटं राखून ठेवा, आणि त्या पाच मिनिटांत सगळं वाचत बसू नका. चुकांच्या वहीत जे तीन प्रकार सर्वांत जास्त वेळा आले, तेवढेच शोधा. कोणाचं सिन्स-फॉर असेल, कोणाचं क्रियापदाचं एस. माझं अ-द होतं.

परीक्षेच्या चार दिवस आधी तो पहिला, घड्याळ न लावता सोडवलेला नमुना पेपर काढा. उत्तरं झाकून पुन्हा सोडवा, आणि दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवा. जी जागा दोन्ही वेळा चुकली असेल, तिची एक चिठ्ठी करून पिशवीत ठेवा. आयएल्ट्सला जाताना पासपोर्टची मूळ प्रत सोबत लागते. ती आदल्या रात्रीच पिशवीत घाला, त्याच चिठ्ठीशेजारी.